पिशवी बंद होण्याआधी

"पारोशा अंगानं हिला शिवायचं न्हाई, योगे. रोज शेंदूर लावायचा, दोन लवंगा ठेवायच्या, आन् कुनाला दाखवायची न्हाई."

साखराआत्याचं हे बोलणं माझ्या कानात असं बसलं होतं, की चार वर्षांत मी एक दिवस चुकवला नाही. अंघोळ झाली की देव्हाऱ्यातली चांदीची डबी उघडायची. आत कापसावर हाताजोडी... बोटभर लांबीची काळपट मुळी, अगदी नमस्कार करणारे दोन इवले हात. तिला शेंदूर लावायचा आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. लांब कुठल्याशा डोंगरात एक झाड असतं, त्याचं हे मूळ, असं आत्या सांगायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं सांगितलं, मी ऐकलं. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

मी अंबाजोगाईला पोस्टात आहे. परदेशी पार्सलं घेणारी खिडकी आमच्याकडे सुरू झाली, तेव्हापासून ती माझ्याकडे. श्रावणातल्या त्या शुक्रवारी आत्या सकाळीच खोकं घेऊन रांगेत उभी होती. तिचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. कुंकू, कापूर, वाती, जानवी. वर्षभरापूर्वी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एक बाई देवदर्शनाला आल्या होत्या, त्यांनी हाताजोडी नेली, आणि मग त्यांच्या मैत्रिणींनाही ती हवी झाली. हे चौथं पार्सल. आत्याला लिहिता येत नाही, म्हणून फॉर्म मीच भरायची. 'पूजेची सुकी मुळी, सहा नग.' खाली आत्याचा अंगठा, बाजूला माझी सही.

आत्याच्या मागे एक उंच, सावळा माणूस कागदाची लांबच लांब गुंडाळी छातीशी धरून उभा होता. बाहेर सर येऊन गेली होती आणि ती सगळी त्याच्यावरच पडली असावी.

"लांब उभं ऱ्हा बाबा, माझ्या खोक्यावर थेंब पडायलेत," आत्या म्हणाली.

तो निमूट दोन पावलं मागे सरला. आत्या गेली, तसा खिडकीशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विनंती होती... तुमचा पंखा जरा इकडं वळवता का?"

"कावून?"

मी खिडकीवर असं बोलत नाही. त्या भिजलेल्या भुवया बघून तोंडातून निघून गेलं.

"घोरपड भिजलीय," तो म्हणाला.

गुंडाळीत चित्रं होती. वरचंच घोरपडीचं, हातभर रुंद, एकेक खवला रंगवलेला. मी ते टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर तराजूची वजनं ठेवली आणि पंखा वळवला. तो पलीकडून कागदाची कड धरून होता, मी अलीकडून. चित्रातली घोरपड मान वर करून बघत होती.

"डोळे किती शांत आहेत हिचे," मी म्हणाले.

"समोर कोण हाय, त्यावर असतं ते." आणि लगेच स्वतःच गोंधळून, "म्हणजे... चित्रकारानं तशी काढलीय."

माझ्या शेजारच्या टेबलावर वत्सलाबाई बसतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांनी शिक्का मारायचा थांबवून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी वजनं सारखी करत राहिले... ती सारखीच होती.

तो सोमेश्वर. आष्टीकडचा, मुंबईला वन्यजीव विभागात निरीक्षक. परदेशी पार्सलं घेणाऱ्या पोस्टांमध्ये जाऊन कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. आज दुपारी दोन वाजता आमची पाळी होती.

दोन वाजता आम्ही नऊ जण मागच्या खोलीत बसलो. भिंतीवर चित्रं टांगलेली. घोरपड अजून थोडी दमट होती, एका बाजूनं वळली होती. त्यानं बोलायला सुरुवात केली आणि मला वाटलं, हा माणूस खिडकीपेक्षा इथं जास्त सुखात आहे. रानातली जनावरं आणि झाडं, म्हणाला, आपल्या देशातून चोरून नेतात आणि सात समुद्रांपलीकडे विकतात. एका देशानं दार लावून भागत नाही, शेजाऱ्यानं उघडं ठेवलं की संपलं. म्हणून एकशे ऐंशीहून जास्त देशांनी मिळून करार केलाय. साइटिस म्हणतात त्याला. कुठलं जनावर, कुठली वनस्पती कितपत धोक्यात आहे, त्याच्या याद्या केल्यात. प्रत्येक देशात एक खातं परवाना देतं, दुसरं खातं शास्त्र तपासतं, आणि कस्टम, पोलीस, वनखातं, पोस्ट यांनी एकमेकांशी बोलत राहायचं.

"तिकडं परदेशात बैठका होतात, ठराव होतात," तो म्हणाला. "पण इथल्या घोरपडीच्या बाजूनं बोलणारं पहिलं माणूस म्हणजे तुमच्या खिडकीतलं माणूस."

हे म्हणताना तो सगळ्यांकडे बघत होता. माझ्याकडे थोडं जास्त, असं वत्सलाबाई नंतर म्हणाल्या. मला तेव्हा कळलं नाही, कारण पुढच्याच क्षणी त्यानं पिशवीतून एक प्लास्टिकची डबी काढून वर धरली.

आत दोन इवले हात होते. नमस्कार करणारे.

"ही हाताजोडी. मुळी म्हणून विकतात, पूजेत ठेवतात. ही मुळी नाही. हा नर घोरपडीचा अवयव आहे. जिवंत धरून, मारून काढतात."

"अवयव म्हणजे कोणता, साहेब?" वत्सलाबाईंनी विचारलं. त्यांना सगळं नीट लिहून घ्यायची सवय आहे.

सोमेश्वरचे कान लाल झाले. त्यानं घोरपडीकडे बघितलं, छताकडे बघितलं.

"मादीला नसतो तो," तो म्हणाला.

खोलीत असा हशा उठला, की पोस्टमास्तर दारातून डोकावून गेले. तोही हसला. फक्त मी हसले नाही. मी माझ्या तळव्यांकडे बघत होते. आज सकाळीच या हातांनी मी शेंदूर लावला होता.

ओळखायचं कसं, ते तो सांगत होता. मुळीचा कण जाळला तर लाकडाचा वास येतो. हिचा कण जाळला तर केस जळल्यासारखा.

तो वास मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आरती करताना कापराची ठिणगी डबीत पडली होती आणि घरभर मेंढीचे केस भाजल्यासारखा वास पसरला होता. आत्या म्हणाली होती, काहीतरी नवस राहिला असेल. मी नारळ वाढवला, माफी मागितली. कुणाची माफी मागायला हवी होती, ते मला आज कळत होतं.

मी हात वर केला. पाठवणाऱ्याला काय होतं, एवढंच विचारलं.

"आपल्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या यादीत आहे. तीन ते सात वर्षं शिक्षा," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. मुंबईला जाणारी टपालाची पिशवी चारला बंद होते. पिशवी एकदा शिवली, की ते खोकं माझं नव्हतं. लेस्टरला पोचलंही असतं, आधीची तीन पोचली तशी. कुणाला काही कळलं नसतं. आत्या संध्याकाळी नेहमीसारखी दुकान बंद करून आली असती आणि आम्ही दोघी वरण-भात जेवलो असतो. मी पार्सलांच्या खोलीत उभी होते आणि देवाचं नाव घ्यायला जात होते, पण जीभ उचलेना.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी मागच्या खोलीत परत गेले. सगळे पांगले होते. सोमेश्वर खुर्चीवर चढून घोरपड भिंतीवरून उतरवत होता. मी खोकं टेबलावर ठेवलं.

"यात सहा आहेत. फॉर्म मी भरलाय. पाठवणारी माझी आत्या आहे... सकाळी तुमच्या पुढं उभी होती ती. आणि एक माझ्या देव्हाऱ्यात आहे."

तो खाली उतरला. फॉर्मवरची माझी सही बघितली. मग म्हणाला, "हे आता मला लिहून घ्यावं लागंल. तुमाला कळतंय ना ते?"

"कळतंय. म्हणूनच पिशवी बंद व्हायच्या आधी आले."

"बसा," तो म्हणाला. "आधी पाणी प्या." आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून माझ्यापुढे धरलं.  

वनखात्याची दोन माणसं घेऊन आम्ही पाच वाजता दुकानात गेलो. आत्या आधी हसलीच. मुळी हाय ती, म्हणाली, जंगलातून येती, म्हाळू म्हणून माणूस दर आठवडी बाजाराला थैलीतून आणून देतो. तिची काहीच चूक नाही हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं, की सोमेश्वरनं मान खाली घातली. शेवटी मी निरांजन लावलं, एका हाताजोडीचा कण नखानं काढला आणि ज्योतीवर धरला.

वास पसरला. आत्यानं नाकाला पदर लावला. मग हळूहळू खाली काढला.

"काय हाय हे?" तिनं त्याला विचारलं.

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "घोरपडीचं आंग हाय, मावशी. आमी मेंढरंवाले. रानात मेंढरं बसवायचो त्या वाड्याजवळ यायची घोरपड, आई तिला कधी हाकलायची न्हाई. मुकं जनावर, उंदीर खातं, कुनाच्या वाटंला जात न्हाई, म्हनायची."

आत्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आत एकोणीस होत्या. सगळ्या त्याच्यापुढे ठेवल्या, म्हाळू कधी येतो, कुठल्या वाटेनं येतो, सगळं सांगितलं, अंगठा दिला. माझ्याकडे वळली ती सगळ्यात शेवटी.

"तू माझी भाची म्हनून आलीस, का सरकारची बाई म्हनून?"

मी निरांजन शांत केलं. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलायची थांबली.

ताट वाढायची. पाणी तापवून ठेवायची. मला ताप आला तेव्हा रात्री तीनदा कपाळावर हात ठेवून गेली. पण शब्द नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर भांड्यांचाच काय तो आवाज.

तपासासाठी सोमेश्वरला येत राहावं लागलं. म्हाळूला पुढच्याच बाजारात पकडलं, त्याच्या थैलीत अजून चाळीस निघाल्या. माझा जबाब तीनदा झाला. पोस्टाच्या व्हरांड्यात बसून तो लिहून घ्यायचा, समोरच्या टपरीवरून चहा यायचा.

"आज कुठला उपास?" त्यानं एकदा विचारलं.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"चहा एक सांगायचा का दोन, एवढ्यासाठी."

"सोमवार आहे. चहा चालतो."

पुढच्या सोमवारी त्यानं पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढून टेबलावर मांडले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "एकूण नग पाच. पंच म्हणून सही करा."

"चारच आहेत."

"एक वाटेत पुरावा नष्ट झाला."

मी हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच. तो बघत राहिला आणि मग उगाचच पेनाचं टोपण शोधायला लागला, जे त्याच्या हातातच होतं.

एकदा त्यानं विचारलं, देव्हाऱ्यातल्या त्या जागी आता काय ठेवता. काही नाही, मी म्हणाले. रोज सकाळी बसते, माफी मागते. ज्यांच्या होत्या त्यांची. जागा रिकामी असली की ते बरं जमतं.

 माझ्या पुढ्यातला जबाबाचा कागद वाऱ्यानं उडत होता, त्यावर त्यानं हलकेच बोट ठेवलं. माझ्या बोटापासून तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून. तेवढं अंतर त्यानं फार जपून ठेवलं होतं. मला ते दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर... खुपतही होतं.

भाद्रपदात, गौरी गेल्यानंतर, तो आला तेव्हा हातात फाईल नव्हती. पाऊस उघडला होता, पोस्टाच्या आवारातल्या चिंचेखाली ऊन-सावली हलत होती. तो व्हरांड्यात बसला नाही. चिंचेखालीच उभा राहिला.

"ही केस आता माझ्याकडं न्हाई," तो म्हणाला. "मीच लिहून दिलं. दुसरे अधिकारी येतील. चांगले हायत, तुमच्या आत्यानं स्वतःहून सगळं दिलं हे कागदावर नीट आहे. कोर्ट काय ते ठरवंल, पण वकील म्हनतात, काळजी करू नका."

"तुम्ही का सोडली?"

"फायलीत माझं नाव असताना एक गोष्ट विचारता येत नव्हती म्हणून."

वत्सलाबाई खिडकीतून बघत होत्या. मला त्यांचा चष्मा चमकलेला दिसला.  त्यानंही तिकडं बघितलं. मग म्हणाला, "उत्तर मला देऊ नका. आष्टीच्या अलीकडं रानात आमचा वाडा बसलाय सध्या, मेंढरं तिथंच हायत. माझी आई, बायडाबाई, तिथं असती. हो असंल तर तिला जाऊन भेटा. नसंल तर जाऊ नका. मी कधी विचारणार न्हाई, गेलतात का म्हणून."

"तुमच्या आईला काय सांगू? कोण आले म्हणून?"

"घोरपड वाळवून दिली ती, म्हणा. तिला म्हायती हाय."

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. पण मी मान हलवली. "आत्या माझ्याशी बोलत नाही. माझ्यामुळं तिला कोर्टाची पायरी चढावी लागतेय. तिचा शब्द नसताना मी त्या वाटेनं पाऊल टाकणार नाही. ती बोलेल त्याच्या दुसऱ्या दिवशी जाईन. हे वचन समजा."

"आणि न्हाईच बोलल्या तर?"

"तुम्ही थांबाल?"

"मेंढरामागं वाढलोय," तो म्हणाला. "मला थांबायचं लई चांगलं येतं, योगिता."

त्यानं माझं नाव घेतलं, ते पहिल्यांदा. मग वळला आणि फाटकातून निघून गेला. चिंचेची बारीक पानं त्याच्या खांद्यावर तशीच होती.

भाद्रपद संपला. पितृपंधरवडा गेला. नवरात्राचे घट उठले. मी रोज सकाळी रिकाम्या जागेपुढे बसत होते, रोज संध्याकाळी आत्याच्या पुढ्यात जेवत होते. आत्याचा जबाब कोर्टात झाला. मी मागच्या बाकावर होते. ती ताठ उभी राहून बोलली, एक शब्द लपवला नाही. बाहेर आल्यावर माझ्या शेजारून चालत घरी आली, तशीच, मुक्यानं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पोस्ट लवकर सुटलं. मी दुकानाकडे वळले तर आत्यापुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, आडून आडून हाताजोडी मागत होतं. आत्यानं हातातली वात खाली ठेवली.

"न्हाई," ती म्हणाली. "मुळी न्हाई ती. मुकं जनावर मारून काढत्यात. आन् घरात एखादी असंल तर वनखात्यात नेऊन द्या. मी दिल्या."

गिऱ्हाईक पटकन गेलं. मी पायरीशीच थबकले. आत्यानं माझ्याकडे न बघता कापराची बरणी ओढली आणि पुड्या बांधायला लागली. तिच्या बाजूला आधीच बांधलेल्या पुड्यांची रास होती, सगळ्या वेड्यावाकड्या, मेंढरांच्या औषधाच्या असाव्यात तशा मोठमोठ्या गाठींच्या.

"ह्या कुणी बांधल्या?" मी विचारलं. उत्तर येणार नाही हे माहीत असून.

"तो आलता. तुझा सायेब."

मी पायरीवर बसले. 

"दोन तास बसला," आत्या म्हणाली. तिचा आवाज न वापरल्यासारखा खरखरीत झाला होता. "पुड्या बांधत होता. बोलला काईच न्हाई. म्या इचारलं, कावून आलास? तर म्हनला, मावशी, तुमी योगिताशी बोलत न्हाई म्हनून. माझ्यासाठी म्हनत न्हाई, म्हनला, पन तिचा चेहरा बघवत न्हाई."

"मग... तू काय म्हणालीस?"

आत्यानं पुडीची गाठ दातानं ओढली.

"म्हनलं, माझी पोरगी खोटं लिहून देत न्हाई. माझ्यासाठी दिलं न्हाई, तुझ्यासाठीबी देनार न्हाई. तुझ्या आईला आधीच सांगून ठेव, जड जाईल म्हनावं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. रस्त्यावरून माणसं जात होती, तरी ठेवलं. तिच्या पदराला कापराचा वास येत होता. ती बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, आता ऊठ, दिवा लावायची वेळ झाली. त्या रात्री जेवताना मी तिला चिंचेखालचं वचन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा आटोपली. निळं लुगडं नेसले, वेणी घातली. सोमेश्वरला फोन करावा असं दोनदा मनात आलं, पण वचन आईला भेटायचं होतं, त्याला कळवायचं नव्हतं. आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. निदान तसं दाखवत होती. चुलीशेजारी फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, अजून गरम. दोघींना पुरतील एवढ्या... मला आणि आष्टीच्या रानात मेंढरं राखत बसलेल्या एका बाईला.

मी गाठोडं उचललं, आवाज न करता कडी काढली आणि बीडकडे जाणारी पहिली गाडी धरायला निघाले.